‘नेट चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

वीज गेली की आपण आधी शेजारच्या घराकडे बघतो. त्यांच्याकडे दिवा असेल तर आपला फ्यूज उडालाय, नसेल तर लाइन गेली, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं. नळाला पाणी नसेल तर कुणी नुसतं ‘पाणी चालत नाही’ म्हणून बसत नाही. टाकी भरली आहे का, पंप चालू झाला का, मोरीतल्याच नळात कचरा अडकला का, असं एकेक बघत जातो. वायफायच्या बाबतीत मात्र शिकलीसवरलेली घरंसुद्धा एका वाक्यावर थांबतात: ‘नेट चालत नाही’. मग घरातला ‘त्यातलं कळणारा’ माणूस येईपर्यंत सगळे बसून राहतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण माझ्या विद्यार्थिनींची कामं याच वाक्यापाशी अडतात. २०२५ पासून महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. दाखले, परीक्षेची प्रवेशपत्रं, निकाल सगळं तिथेच. पसंतीक्रमाची मुदत संपायला दोन दिवस आहेत आणि घरातल्या कॉम्प्युटरवर नेट येत नाही, ही अडचण आता चैनीची राहिलेली नाही. ती मुलगी मग बाजारातल्या नेट कॅफेत जाते, पैसे मोजते, आपली कागदपत्रं आणि ओटीपी परक्या माणसाच्या हाती देते. किंवा जातच नाही, आणि तिच्यासाठी फॉर्म दुसराच कुणीतरी भरतो, त्याला जसा सुचेल तसा.

माझं म्हणणं साधं आहे. घरातलं वायफाय का अडलं हे टप्प्याटप्प्याने शोधता येणं ही आता लिहिण्यावाचण्याइतकीच साक्षरता आहे. ती घरातल्या एका पुरुषाच्या डोक्यात बंद राहू नये. आणि ती अवघड तर मुळीच नाही.

बी.एड.ला आम्हाला दोन गोष्टी जोडीने शिकवल्या होत्या, निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मुलाचा भागाकार चुकला तर पुन्हा भागाकार शिकवायला धावू नका. आधी बघा, तो पाढ्यात चुकतोय, वजाबाकीत चुकतोय, की वरचा अंक खाली घ्यायला विसरतोय. चूक कुठे आहे हे कळल्याशिवाय केलेला उपचार वाया जातो. उर्दूत निदानाला तश्खीस म्हणतात. हकीम आधी नब्ज बघतो, मग दवा देतो. वायफायच्या बाबतीत आपण उलटं करतो. राऊटर बंद-चालू करतो, झालं तर झालं, नाही झालं तर मेकॅनिक. बंद-चालू करून कधीकधी चालतंही, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच उभे.

निदानासाठी एवढंच लक्षात ठेवायचं, की हा रस्ता चार टप्प्यांचा आहे. कॉम्प्युटरपासून राऊटरपर्यंत हवेतून, हा पहिला टप्पा. राऊटर स्वतः, हा दुसरा. राऊटरपासून कंपनीपर्यंत तारेतून, हा तिसरा. आणि तिथून पुढे आपल्याला हवी असलेली वेबसाइट, हा चौथा. वायफाय हे नाव फक्त पहिल्या टप्प्याचं आहे. म्हणून पडद्यावर पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली दिसते आणि तरी काहीच उघडत नाही, यात चमत्कार नाही. ती खूण एवढंच सांगते की राऊटर आणि कॉम्प्युटर यांची गाठ चांगली पडली आहे. राऊटरच्या पलीकडे काय चाललंय ते तिला माहीत नसतं. नळ शाबूत आहे याचा अर्थ टाकीत पाणी आहे असा होत नाही.

पहिला प्रश्न: दुसऱ्या यंत्रावर चालतंय का? हा वीज गेल्यावर शेजारच्या घराकडे बघण्याचाच प्रकार. पण इथे एक फसगत होते. ‘माझ्या मोबाईलवर चालतंय की!’ असं कुणीतरी म्हणतं, आणि तो मोबाईल प्रत्यक्षात सिमकार्डाच्या डेटावर चाललेला असतो. म्हणून तपासताना मोबाईल डेटा बंद करायचा, फक्त वायफाय चालू ठेवायचं, मग बघायचं. तसं करूनही मोबाईलवर चाललं तर राऊटर, कंपनी दोन्ही ठीक. दोष कॉम्प्युटरकडे. मोबाईलवरही नाही चाललं तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न: राऊटरवरचे दिवे काय सांगतात? फायबरची जोडणी असेल तर बहुतेक डब्यांवर ‘एलओएस’ असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाशच तुटला आहे. तार कुठेतरी दुमडली, उंदराने कुरतडली, रस्त्याच्या कामात तुटली किंवा पावसाळ्यात झाड पडलं. घरात बसून काहीही केलं तरी तो लाल दिवा बहुतेकदा जाणार नाही. कंपनीला फोन करायचा आणि ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता ‘एलओएसचा दिवा लाल आहे’ असं म्हणायचं. पलीकडच्या माणसाचे पुढचे चार प्रश्न आपोआप वाचतात. एकही दिवा लागत नसेल तर आधी अ‍ॅडॅप्टर तपासायचा. कोकणात जूनच्या सुरुवातीला विजा कडाडतात तेव्हा ही यंत्रं जळतात. ढग गडगडायला लागले की टीव्हीबरोबर राऊटरचीही पिन काढून ठेवावी.

इथे एक सावधगिरी. राऊटर बंद-चालू करणं आणि ‘रिसेट’ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या बाजूला बारीक भोकात एक बटण असतं. ते टाचणीने काही सेकंद दाबून धरलं की राऊटर कोरा होतो. आपण ठेवलेलं वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय अनेक जोडण्यांत कंपनीने आत भरलेली माहितीही पुसली जाते. ती पुन्हा भरेपर्यंत नेट येत नाही. तेव्हा कुणी कितीही सांगितलं तरी ते भोक शेवटच्या उपायासाठी राखून ठेवायचं.

आता दोष कॉम्प्युटरकडे आहे असं धरू. इथेही ‘लागत नाही’ या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात.

पहिली, वायफायचं नावच यादीत दिसत नाही. लॅपटॉप असेल तर विमान मोड चुकून दाबला गेलाय का ते बघायचं. कीबोर्डवर वरच्या ओळीत विमानाची किंवा अँटेनाची खूण असलेलं बटण असतं, लहान मुलांच्या हातून ते हमखास दाबलं जातं. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर असेल तर कदाचित त्यात वायफाय पकडणारा भागच नसेल. पुष्कळशा डेस्कटॉपमध्ये तो नसतो. यूएसबीला लावायचा छोटा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो, नाहीतर सरळ लॅनची तार लावायची. तार लावणं कमीपणाचं नाही. कॉम्प्युटर जागचा हलणार नसेल तर तारेइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

याच पहिल्या तक्रारीत आणखी एक कारण असतं, ते माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. राऊटर दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली पट्टी हळू असते पण भिंतींतून जास्त आरपार जाते. दुसरी वेगवान, पण लवकर थकते. जुन्या लॅपटॉपना बऱ्याचदा फक्त पहिलीच कळते. त्यामुळे शेवटी ‘५जी’ लावलेलं नाव नव्या मोबाईलला दिसतं आणि जुन्या लॅपटॉपला दिसतच नाही. लॅपटॉप बिघडलेला नसतो, त्याला त्या पट्टीतलं ऐकूच येत नसतं. त्याला दुसऱ्या नावाला जोडायचं, एवढंच. (त्या ‘५जी’चा मोबाईल कंपनीच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही.)

कधीकधी विंडोज नव्याने टाकल्यावर वायफाय गायब होतं, कारण ते चालवणारा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा, असा पेच. त्यावर उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या तारेने कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. तार मात्र नुसती चार्जिंगची नको, फोटो वगैरे पाठवता येणारी हवी. मग कॉम्प्युटर मोबाईलचं नेट वापरतो, आणि विंडोज अपडेटमधून बहुतेक वेळा ड्रायव्हर उतरवून घेता येतो.

दुसरी तक्रार, नाव दिसतं पण जोडणी होत नाही. इथे बहुतेकदा पासवर्डच कारण असतो. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते. कुणी राऊटरवर पासवर्ड बदलला असेल तर कॉम्प्युटर जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. अशा वेळी ‘फर्गेट’ दाबून ते नाव विसरायला लावायचं आणि पासवर्ड नव्याने घालायचा. हेही करून होत नसेल, राऊटर नवा आणि कॉम्प्युटर फार जुना असेल, तर राऊटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलाय का ते बघायचं. तो २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या अनेक यंत्रांना तो कळत नाही. डब्ल्यूपीए-२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवला की जुनंही चालतं, नवंही.

तिसरी तक्रार, जोडलं गेलं पण काही उघडत नाही. सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या माहितीत आयपीव्ही४ नावाचा पत्ता दिसतो. घरच्या राऊटरने दिलेला पत्ता साधारणपणे १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर समजायचं की राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. कॉम्प्युटरने वाट बघून स्वतःलाच एक तात्पुरता पत्ता चिकटवून घेतला आहे. इथे मात्र दोन्ही यंत्रं बंद-चालू करणं हा योग्य उपचार असतो, कारण आता आपल्याला दुखणं माहीत आहे.

आणि एक मजेशीर दुखणं जुन्या डेस्कटॉपचं. वायफाय ठीक, पत्ता ठीक, तरी बँकेची, सरकारी, कुठलीही साइट उघडली की ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा. आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटरला वाटतं आपण २०१० सालात आहोत, आणि आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं दिसतं. तारीख दुरुस्त केली की काम होतं. सेल स्वस्तात मिळतो. यासाठी नवा कॉम्प्युटर घ्या म्हणून सांगणारे दुकानदारही असतात.

‘चालतंय पण अडकतंय’ अशी तक्रार असेल तर भिंती मोजा. आमच्याकडची घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, भिंती जाड. राऊटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत, आणि अभ्यास करणारी मुलगी मागच्या पडवीत. तीन चिरेबंदी भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झ तिच्यापर्यंत पोहोचणार कसं? राऊटर उंचावर, मोकळ्यावर, घराच्या मध्यात हवा. राऊटर कुठे ठेवायचा हेही शेवटी घरात कुणाच्या कामाला महत्त्व आहे त्यावरच ठरतं.

शेवटी चौथा टप्पा. बाकी सगळ्या साइट उघडतात आणि एकटी फॉर्मची साइट उघडत नाही, तर दोष तिथे आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी असं होतंच. घरातल्या कुठल्याच तारेला हात न लावता पहाटे उठून प्रयत्न करायचा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं कशाला शिकायचं? मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, मेकॅनिक आहे. हॉटस्पॉट आहेच, अडीअडचणीला वापरावा. मेकॅनिकचीही गरज पडते. पण दुखणं कुठे आहे हे सांगता न येणारा पेशंट जसा डॉक्टरच्या पूर्ण हवाली होतो, तसं आपलं होतं. त्यातून याहून वाईटही घडतं. घाबरलेला माणूस गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतो. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडून गोड आवाजात सांगितलं जातं, हे अ‍ॅप टाका, मी इथून दुरुस्त करतो. स्क्रीन त्याच्या ताब्यात जाते आणि खातं रिकामं होतं. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

दुसरी हरकत कुणी उघडपणे घेत नाही, पण मला घरोघरी ती जाणवते: मुलीच्या हातात हे सगळं कशाला? आमच्या भागात कितीतरी घरांतले पुरुष कुवेतला, दुबईला, दोह्याला. महिन्याभराच्या सुट्टीत येतात, राऊटर बसवतात, पासवर्ड स्वतःच्या ईमेलवर आणि डोक्यात घेऊन परत जातात. इथे घर चालवणारी बाई, कॉलेजला जाणारी बहीण, यांच्याकडे त्या डब्याचं काहीच नसतं. ‘भाईजानला विचारते’ म्हणून ती मेसेज टाकते आणि त्यांची ड्युटी सुटेपर्यंत थांबते. सिलिंडर बदलणं, पंप चालू करणं, बँकेत जाणं, सगळं ती करते. मग फक्त पासवर्डच तिच्या हाती का नसावा?

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सांगितलं, की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईलला बंदी होती. ती मान्य न केल्यामुळे या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडायला सांगितलं गेलं. ती न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं. वसतिगृहातली बंदी निदान लिहिलेली होती, म्हणून तिला आव्हान देता आलं. घरातली बंदी कुठे लिहिलेली नसते. ‘तुला त्यातलं कळत नाही’ एवढ्या चार शब्दांत ती असते.

आणि कळत नाही याचं एक कारण भाषा. राऊटरचे दिवे इंग्रजीत, सेटिंग इंग्रजीत, चुकीचे संदेशही इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमातली मुलगी तो संदेश वाचायच्या आधीच बंद करते, कारण तो आपल्यासाठी नाहीच असं तिला वाटतं. विंडोजचा पडदा मराठीत आणि उर्दूतही करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी मुलींना सांगते, संदेश बंद करू नका, फोटो काढा, एकेक शब्द लावा. आपण दोन लिप्या शिकतो, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. तिथे तिसऱ्या लिपीतल्या चार ओळींना घाबरायचं कारण नाही.

शाळांकडूनही एक मागणी आहे. कॉम्प्युटरच्या तासाला मुलं चित्रं रंगवतात, कॉम्प्युटरच्या भागांची नावं पाठ करतात. त्यातले दोन तास या निदानाला द्या. एक जुना राऊटर टेबलावर ठेवा, गटागटाने मुलांना बोलवा, मुद्दाम एकेक टप्पा तोडा आणि ओळखायला सांगा. ना जादा पैसे लागतील, ना नवं पुस्तक. विषय शिक्षक नसेल तर भाषेच्या शिक्षकानेही करायला हरकत नाही. प्रश्न नेमका मांडायला शिकवणं हे भाषेच्या शिक्षकाचंच काम आहे.

घरासाठी सांगायचं तर या आठवड्यात एक वही काढा. त्यात जोडणीचा ग्राहक क्रमांक, बिलावरचा मदतीचा नंबर, राऊटर नीट चालू असताना कोणकोणते दिवे लागतात, वायफायची दोन्ही नावं आणि पासवर्ड लिहून ठेवा. पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर आधीच जोडलेल्या लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये साठवलेला पाहता येतो. वही राऊटरजवळच्या कप्प्यात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. अम्मीला, सुनेला, आठवीतल्या मुलीलाही. भाईजान परदेशातून येईपर्यंत अकरावीची मुदत थांबत नसते.